घरी जा, पण गाणी कुणाच्या नावावर आहेत ते आधी बघ

«काकू, तुम्हाला काकू म्हटलं तर चालेल ना? आई तुमचं सदर वाचते आणि फोनवर मला वाचून दाखवते. माझा जन्म टेक्सासमधल्या लबकचा. बाबा अकोल्याहून कापसाच्या कामासाठी तिथे गेले आणि तिथलेच झाले. मी गेली अकरा वर्षं नॅशव्हिलमध्ये कंट्री गाणी लिहिते. त्यातली सहा वर्षं एका पब्लिशरकडे, म्हणजे लेखकांची गाणी गायकांपर्यंत नेणाऱ्या कंपनीकडे, पगारी होते. माझी चार गाणी दुसऱ्यांनी गायली, एक रेडिओवर बऱ्यापैकी वाजलं. मार्चमध्ये करार संपला आणि त्यांनी तो पुढे वाढवला नाही. खरं सांगते, रडू आलं नाही, हलकं वाटलं. गेली तीन वर्षं मी मनापासून जी गाणी लिहिते ती माळरानाची, गुरांची, वाऱ्याची आहेत. ‘छान आहे, पण हे वेस्टर्न झालं, हे कोण घेणार?’ हे ऐकून कान किटले. मला घरी जाऊन हीच गाणी स्वतः गायची आहेत, कुठल्याही कंपनीशिवाय. आई म्हणते, छत्तिसाव्या वर्षी हात हलवत परत आलीस तर लोकांना काय सांगू? बाबांचं बायपास झालंय, त्यामुळे परत जायचं खरं कारण कोणतं तेच मला कळेनासं झालंय. माझ्या नावाची, माझ्या रंगाची बाई काउबॉयची गाणी गाते म्हटल्यावर तिकडचे लोक ऐकून घेतील का? आणि पोट कसं भरायचं?
– पाय निघत नाही, नॅशव्हिल»

अगं, काकूच म्हण.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा करार संपल्याचं वाचून जीव कळवळला. दुसऱ्यांदा ‘हलकं वाटलं’ या दोन शब्दांपाशी थांबले. अकरा वर्षांचा व्याप आवरताना माणसाला हलकं वाटत असेल, तर त्यातला जीव आधीच कधीतरी निघून गेलेला असतो. म्हणून मुख्य प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते: जा. घरी जा. मात्र सामान बांधण्याआधी एक काम नॅशव्हिलमध्येच उरकून घे. त्याबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण त्यातलं मला कळतं. नॅशव्हिलच्या म्युझिक रोवर, म्हणजे जिथे कंट्री गाण्यांच्या कंपन्या दाटीने आहेत त्या भागात, एका ऑफिसात मी चौदा वर्षं गाण्यांचे करार सांभाळले. मला गाता येत नाही, पण गाणं कसं अडकून पडतं ते मी फार जवळून पाहिलंय.

त्याआधी बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आपल्याकडे वेस्टर्न म्युझिक म्हटलं की पियानोपासून पॉपपर्यंत सगळं पाश्चात्त्य संगीत डोळ्यांपुढे येतं. ही मुलगी म्हणते ते वेस्टर्न म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेचं गाणं. तिथलं यादवी युद्ध संपल्यावर, १८६६ पासून पुढची वीसेक वर्षं, टेक्सासातून गुरांचे मोठमोठे कळप मुख्यतः कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत हाकत नेत. रात्री गुरं बसली की दोन स्वार कळपाभोवती एकमेकांच्या उलट दिशेने संथ फेऱ्या घालत आणि गात राहत. गाणं चालू आहे तोवर गुरांना कळायचं, की अंधारात हलतोय तो आपलाच माणूस आहे. एरवी काडी मोडल्याच्या आवाजानेसुद्धा कळप उधळायचा. घोड्याची चाल तीच गाण्याची लय. आपल्या आज्यांची ओवी जात्याच्या फेऱ्यावर बसते, तशी ही गाणी त्या फेऱ्यांवर बसली. १९१० साली जॉन लोमॅक्स यांनी या गाण्यांचा संग्रह छापला. १९३० च्या दशकात सिनेमातल्या गाणाऱ्या काउबॉयनी ती देशभर नेली. पुढे ग्रामीण अमेरिकेच्या कंट्री संगीताशी जोडून ‘कंट्री अँड वेस्टर्न’ असा जोडशब्दच रूढ झाला. संगीतव्यवसायाच्या बिलबोर्ड साप्ताहिकाने १९६२ साली आपल्या गाजत्या गाण्यांच्या यादीच्या नावातून ‘वेस्टर्न’ काढून टाकलं. बाजार कंट्रीचा राहिला, आणि वेस्टर्न रँचवर, म्हणजे गुरांच्या मोठ्या कुरणांवर, रोडिओत, म्हणजे गुराख्यांच्या कसरतींच्या सामन्यांत, आणि लहान गावांच्या सभागृहांत जगत राहिलं. तुला ‘हे वेस्टर्न झालं’ असं जे ऐकवतात ना, त्यामागे एवढा इतिहास आहे.

आता तुझे कागद.

तू पगारी होतीस म्हणजे दर महिन्याला ड्रॉ घेत होतीस. बहुतेक करारांत ड्रॉ ही पुढच्या रॉयल्टीतून वळती करायची उचल असते. ती फिटली नाही तरी कुणी तुझ्या खिशातून मागत नाही, त्या गाण्यांच्या कमाईतूनच ती कापली जाते. तेव्हा ‘मी त्यांचं देणं लागते’ असलं ओझं मनात असेल तर करारातलं ते कलम नीट वाच आणि ओझं उतरव. रेडिओवर वाजल्याचा लेखकाचा हिस्सा ॲस्कॅप किंवा बीएमआय या वादनाचे पैसे गोळा करणाऱ्या संस्था थेट तुलाच देतात, तो तसाच येत राहील.

खरी गोष्ट पुढे आहे. माळरानाची गाणी गेली तीन वर्षं लिहितेस असं तू म्हणतेस. म्हणजे त्यातली बरीचशी करार चालू असतानाच लिहिलीस. अशा करारात त्या काळात लिहिलेल्या गाण्यांचे हक्क सहसा कंपनीकडे जातात. बाळा, मग ती गाणी बहुधा तुझ्या नावावर नाहीत. कंपनीने ती कुणाला दिली नाहीत, कुणी ती गायली नाहीत, तरी ती त्यांच्या कपाटात आहेत.

मंचावर ती गायला अडचण येत नाही. कार्यक्रमाच्या जागेने ॲस्कॅप-बीएमआयचे परवाने घेतलेले असले की झालं. अडचण रेकॉर्डिंगला येते. अमेरिकेच्या कायद्यात एक चांगली सोय आहे. एखादं गाणं मालकाच्या परवानगीने एकदा रेकॉर्ड होऊन बाजारात आलं, की पुढे कुणीही रीतसर नोटीस देऊन आणि ठरलेली रॉयल्टी भरून ते आपल्या आवाजात रेकॉर्ड करू शकतं. २०२५ साली पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला सीडीच्या दर प्रतीमागे हा दर १२.७ सेंट होता. म्हणजे दुसऱ्यांनी गायलेली तुझी ती चार गाणी तू उद्या रेकॉर्ड करू शकतेस. पण जी कुणीच गायली नाहीत, ज्यांच्यासाठी तू घरी निघालीस, ती पहिल्यांदा रेकॉर्ड करायला मालकाची परवानगी लागते.

हे मी एवढ्या कळकळीने का सांगते आहे? माझ्या ऑफिसात एक बाई आल्या होत्या. त्यांनी टेबलावर एक कॅसेट ठेवली. तिच्यावर पेन्सिलने एक तारीख आणि त्यांच्या मुलीचं नाव लिहिलेलं होतं. मुलगी झाली तेव्हा केलेलं गाणं होतं ते. त्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांना वाटायच्या सीडीत त्यांना ते घालायचं होतं. गाणं कुणीही कधी गायलं नव्हतं. मधल्या काळात ज्या कंपनीसाठी त्यांनी ते लिहिलं ती दोनदा विकली गेली होती, आणि मूळ करार कुठल्या खोक्यात आहे हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. मी सात आठवडे शोधलं. लग्न होऊन गेलं. मग कागद सापडला. मी फोन केला तेव्हा बाई ‘असू दे आता’ एवढंच म्हणाल्या.

तेव्हा तुझी फाइल ज्या टेबलावर आहे, त्या टेबलामागचं माणूस तुला नावाने ओळखतंय तोवर जाऊन ये. भांडायला जाऊ नकोस. सहा वर्षांत लिहिलेल्या सगळ्या गाण्यांची यादी माग, प्रत्येकापुढे सहलेखक आणि त्यांचे हिस्से. कुणी न घेतलेली गाणी अमुक वर्षांनी लेखकाला परत, असं कलम काही करारांत असतं. तुझ्यात आहे का बघ. नसेल तर तुला खरोखर हवी असलेली दहा-बारा गाणी निवड आणि ती परत मिळतील का असं सरळ विचार. परत देत नसतील तर निदान पहिल्या रेकॉर्डिंगची परवानगी लेखी घे. नाही म्हणायला त्यांना फारसं कारण नसतं: कपाटातलं गाणं एक पैसा कमावत नाही, तू गायलंस तर त्यांचाही हिस्सा सुरू होतो. ज्यांच्याबरोबर बसून लिहिलंस त्या सहलेखकांनाही आधी फोन कर, मग ईमेल. कायद्याने साधारण पस्तीस वर्षांनी लेखकाला हक्क परत मागता येतात, पण तेव्हा तू सत्तरीला टेकलेली असशील. तेवढं थांबायचं कशाला?

मार्चनंतर लिहिलेलं मात्र तुझं. त्याची पब्लिशर आता तूच, म्हणून द एमएलसीकडे स्वतःचं नाव नोंदव. स्ट्रीमिंगवर गाणं वाजलं की रचनेच्या प्रतीमागचे, म्हणजे मेकॅनिकल, जे पैसे होतात ते २०२१ पासून ही संस्था गोळा करते. ॲस्कॅप-बीएमआय ते देत नाहीत. रेकॉर्डिंग तुझं असेल तर साउंडएक्स्चेंजकडेही नोंद हवी, गायिका म्हणून वेगळी आणि रेकॉर्डिंगची मालक म्हणून वेगळी. सॅटेलाइट रेडिओवर वेस्टर्न गाणी वाजतात, त्यांचे पैसे साउंडएक्स्चेंज गोळा करून देते. एका दुपारचं काम आहे आणि लोक ते वर्षानुवर्षं करत नाहीत.

कागदांचं झालं. आता गाण्याचं.

‘कंपनीशिवाय’ हा शब्द तू जरा घाबरत लिहिला आहेस. वेस्टर्नमध्ये तोच जुना रस्ता आहे. क्रिस लेडू घे. रोडिओत उसळत्या घोड्यावर खोगिराविना बसायचा हा माणूस, १९७६ चा जगज्जेता. गाणी स्वतः लिहायचा, आई-वडिलांच्या मदतीने कॅसेटी काढायचा आणि रोडिओच्या मैदानाबाहेर आपल्या गाडीतून विकायचा. असे बावीस अल्बम काढले त्याने, कुठल्याही मोठ्या कंपनीविना. पुढे १९८९ मध्ये गार्थ ब्रुक्स या नंतर फार मोठ्या झालेल्या कंट्री गायकाच्या पहिल्याच गाण्यात त्याचं नाव आलं आणि मग मोठ्या कंपनीने त्याला बोलावलं. तरी तो वायोमिंगमधल्या केसी गावाजवळच्या आपल्या रँचवरच राहिला. मला त्यातलं नशीब महत्त्वाचं वाटत नाही. महत्त्वाची वाटतात ती आधीची पंधरा-सोळा वर्षं. त्याचे ऐकणारे कुठे उभे असतात हे त्याला ठाऊक होतं आणि तो तिथेच गाडी लावायचा.

इयन टायसनची गोष्ट तुझ्या आणखी जवळची. कॅनडाचा हा गायक साठच्या दशकात लोकसंगीताच्या लाटेवर मोठा झाला, लाट ओसरल्यावर अल्बर्टात जाऊन घोडे-गुरं सांभाळू लागला, आणि पन्नाशीच्या आसपास काउबॉय जीवनावरच्या गाण्यांकडे पुरता वळला. काउबॉय गायक म्हणून त्याचं नाव झालं ते त्यानंतर. तो पुढे रँचवरच राहिला आणि २०२२ च्या डिसेंबरात तिथेच गेला. तू छत्तीस वर्षांची आहेस. आईला हे सांग.

पण एका बाबतीत मी तुला सावध करणार आहे. नॅशव्हिलमध्ये सकाळी अकराची वेळ ठरवून, कॉफी घेऊन, खोलीत तिघांनी बसून गाणं लिहायची तुला सवय आहे. तिथे कारागिरी शिकलीस, तिला मी नावं ठेवणार नाही. मात्र तिथे गाणं खरं वाटलं की पुरतं. वेस्टर्नमध्ये ते खरं असावं लागतं, कारण पहिल्या रांगेत बसलेल्यांनी ते काम हाताने केलेलं असतं.

नेवाडात एल्को नावाचं गाव आहे. १९८५ पासून तिथे थंडीत काउबॉय कवींचं संमेलन भरतं. मी एकदा गेले होते. बाहेर बर्फ, आत घडीच्या खुर्च्या आणि ओल्या लोकरीचा वास. टेक्सासच्या एका तरुणाने आजोबांवरचं गाणं म्हटलं. त्यात आजोबा वासराच्या गळ्यात दोर टाकतात आणि दोराचं दुसरं टोक खोगिराच्या मुठीला झरझर गुंडाळतात, अशी ओळ होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर कॉफीच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ त्याच्याजवळ आले आणि त्यांनी आपला उजवा हात वर केला. अंगठा पेरापर्यंतच होता. म्हणाले, ‘पोरा, तुमच्या टेक्सासात दोर मुठीला आधीच पक्का बांधलेला असतो. गुंडाळतो आम्ही, इकडचे. दोर आणि मूठ यांच्यात सापडून हा गेला. तुझ्या आजोबांचे दोन्ही अंगठे शाबूत होते ना?’ पोराने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, होते. मग त्याने खिशातून पेन काढून कागदी कपावर ओळ बदलून लिहिली. ‘गुंडाळला’ जाऊन ‘बांधला’ आलं, यमक मोडलं, ते त्याने दुसऱ्या दिवशीपर्यंत जुळवून आणलं. संध्याकाळी ती ओळ आली तेव्हा ते गृहस्थ मागच्या खुर्चीत बसून मान हलवत होते.

असे श्रोते तुला म्युझिक रोवर मिळाले नसते. म्हणून माझं सांगणं असं, की पहिलं वर्ष अल्बम काढायच्या फंदात पडू नकोस. ऐकण्यात घाल. लबकमध्येच टेक्सास टेकचं साउथवेस्ट कलेक्शन आहे. तिथे रँचवर राबलेल्या, शेती केलेल्या माणसांच्या ध्वनिमुद्रित आठवणी जपून ठेवल्यात. जाऊन कानाला हेडफोन लाव. जवळच रँचिंग हेरिटेज सेंटर आहे, जुनी रँचघरं, कोठारं, पवनचक्क्या उचलून आणून तिथे उभ्या केल्यात. लहानपणी शाळेच्या सहलीत बघितलं असशील, आता गाणं लिहिणारीच्या नजरेने बघ. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी टर्की या चिमुकल्या गावात बॉब विल्सच्या नावाचा मेळा भरतो. वेस्टर्न स्विंग या नाचाच्या संगीताचा तो बादशहा. तो तिथेच वाढला, आणि वेस्टर्न स्विंग हे आता टेक्सासचं अधिकृत राज्य-संगीत आहे. खाली आल्पाइनला काउबॉय कवितेचं संमेलन भरतं. एल्कोलाही जा, पण पहिल्या खेपेला तिकीट काढून, श्रोता म्हणून. शेवटी कुठेतरी ओपन माइक, म्हणजे कुणीही उठून गावं अशी बैठक, असतेच, तिथे एक गाणं म्हण, एकच.

आणि आवाज. अकरा वर्षं तू दुसऱ्यांच्या गळ्यासाठी लिहिलंस, डेमो, म्हणजे नमुन्याची रेकॉर्डिंगंसुद्धा, दुसरेच गात असतील. आता गाणी तुझ्या पट्टीत आण. माइकशिवाय, एका गिटारीवर, मागच्या भिंतीपर्यंत शब्द पोचतात का ते बघ. पोचत नसेल तर गाणं कापून लहान कर.

तुझ्या नावाचं आणि रंगाचं विचारलंस. मी तुला ‘कुणी काही म्हणणार नाही’ असं खोटं सांगणार नाही. काही म्हणतील. पण इतिहास तुझ्या बाजूचा आहे. काउबॉयचं काम मुळात मेक्सिकोच्या वाकेरोंकडून, म्हणजे तिथल्या गुराख्यांकडून आलं. लॅरिअट म्हणजे फासाचा दोर, रोडिओ, नेवाडातले गुराखी स्वतःला म्हणवतात तो बकरू, हे सगळे शब्द स्पॅनिशमधून आलेत. त्या काळच्या गुराख्यांतला चौथा हिस्सा काळा असावा असा इतिहासकारांचा अंदाज आहे. गायक डॉम फ्लेमन्सने २०१८ मध्ये त्या काळ्या काउबॉयच्या गाण्यांचा अख्खा अल्बम केला. सिनेमाने हे चित्र गोरं केलं, माळ कधीच तसा नव्हता.

तरी अंगठा गेलेल्या त्या आजोबांची कसोटी तुलाही आहे. तू गुरं हाकली नसशील तर हाकल्यासारखं गाऊ नकोस. तुझ्याकडे दुसरं आहे आणि ते कुणाकडेच नाही. तुझे बाबा वऱ्हाडातून आले, जिथे पऱ्हाटी कमरेपर्यंत वाढते, बाया ओटीत कापूस वेचतात आणि पावसाकडे डोळे लावून बसतात. आणि पोचले ते लबकला, जिथे नजर जाईल तिथवर कापूसच असतो, यंत्र तो ओरबाडून घेतं आणि हंगामात रस्त्याच्या कडेला सरकीचा कापूस बर्फासारखा साचतो. त्या माळाखालचं पाणी उपसून उपसून खोल चाललंय, तुझ्या बाबांनी ते आकड्यांत पाहिलं असेल. त्यांना विचार: पहिल्यांदा त्या शेतात उभे राहिलात तेव्हा कसला वास आला? बोंड हातात घेऊन काय बघता? उत्तर मराठीत येईल, गाणं इंग्रजीत लिही. कापसावर वेस्टर्न गाणं कसं होईल असं वाटेल, पण त्या मैदानावर गुरांच्या कुंपणापलीकडे कापूसच आहे. हे गाणं म्हणायला तिथे दुसरं कोण येणार?

एक मात्र करू नकोस. ओवी आणि काउबॉयचं गाणं एकमेकांना शिवून ‘फ्यूजन’ म्हणून विकायची घाई. लोक तुला तेच सुचवतील, मंडळातलेही आणि बाहेरचेही. दहा वर्षांनी आपसूक आलं तर येऊ दे.

पैशाबद्दल रोखठोक बोलू. स्ट्रीमिंगवर एका वादनामागे एका सेंटच्या निम्म्याहूनही कमी मिळतं, आणि स्पॉटिफायवर वर्षात हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. आता असं धर, की कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत पंचवीस माणसं बसली आणि प्रत्येकाने वीस डॉलर दिले. पाचशे झाले. दहा जणांनी पंधरा डॉलरची सीडी घेतली, दीडशे. तेवढे पाचशे स्ट्रीमिंगवर मिळवायला साधारण सव्वा लाख वादनं लागतील. वेस्टर्नचा श्रोता वयस्क आहे, तो अजून सीडी घेतो, घरी नेतो, गाडीत लावतो. म्हणून घरगुती मैफिली, गावची वाचनालयं, संग्रहालयं, चर्चची सभागृहं, काउंटी फेअर. लबकहून अमरिलो आणि मिडलंड दोन्ही दोनेक तासांवर आहेत. पहिली दोन वर्षं त्या टापूच्या बाहेर फारशी जाऊ नकोस. रात्री घरी येऊन झोपता आलं की हॉटेलचं भाडं वाचतं, आणि महिनाभराने त्याच गावात परत गेलं की लोक नातेवाइकांना घेऊन येतात. अल्बम विकायला बँडकॅम्पसारखी जागा बरी, ते डिजिटलवर पंधरा टक्के घेतात, पैसे वळते करण्याचा थोडा खर्च कापला जातो, आणि बाकी तुझं.

एवढ्यावर पहिल्या वर्षी पोट भरणार नाही. निदान आठ महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून नीघ, आणि आरोग्यविमा कुठून घेणार ते निघण्याआधी ठरव, नंतर नको. नॅशव्हिलमधल्या दोन-तीन भरवशाच्या सहलेखकांबरोबर व्हिडिओ कॉलवर आठवड्यातून एकदा लिहीत राहा, ते तुझं घराणं आहे, तोडू नकोस. गिटार शिकव. अर्धवेळ नोकरी धरलीस तरी हरकत नाही, त्या गावात गाणाऱ्या माणसाने दिवसा काम करणं कुणाला खटकत नाही.

आता आई-बाबा. मला वाटतं तुझ्या पत्रातलं सगळ्यात अवघड वाक्य तिथे आहे. खरं कारण कोणतं, गाणं की बाबांची तब्येत, असं तू विचारतेस. दोन्ही खरी आहेत, त्यातलं एक निवडायची तुला गरज नाही. पण दोन्हींचा हिशेब वेगळा ठेव. ‘बाबांसाठी आले’ म्हणालीस तर गाणं रखडलं की राग बाबांवर निघेल. ‘गाण्यासाठी आले’ म्हणालीस आणि बाबांना दवाखान्यात न्यायच्या दिवशी मैफल आली, तर अपराधी वाटत राहील. घरी पहिल्याच आठवड्यात तिघं जेवायला बसाल तेव्हा स्पष्ट बोल: आठवड्यातले अमुक दिवस बाबांचे, अमुक संध्याकाळी माझ्या. आणि राहायला शक्यतो वेगळी खोली घे, लहानशी का होईना. पहाटे दोनला ओळ सुचली तर ती मोठ्याने म्हणता यायला हवी.

आईचं ‘हात हलवत’ म्हणणं तुला लागलंय, ते दिसतं. तिचाही विचार कर. ती माउली देश सोडून त्या सपाट गावात आली, मंडळाच्या गणपतीत तुझ्या नोकरीविषयी, लग्नाविषयी विचारणाऱ्या बायकांना अकरा वर्षं उत्तरं देत राहिली. तिला एखादं ठोस वाक्य दे, जे तिला दुसऱ्याला सांगता येईल. ‘माझी लेक आता स्वतःची गाणी स्वतः गाते, पुढच्या महिन्यात अमरिलोला कार्यक्रम आहे, या.’ मग त्या कार्यक्रमाला तिला घेऊन जा आणि पुढच्या रांगेत नको, सीडीच्या टेबलावर बसव. लोक गाणं ऐकून डोळे पुसत तिच्याकडे येतील, पैसे देतील, ‘ही तुमची मुलगी का?’ विचारतील. मी हे एका आईच्या बाबतीत पाहिलंय, त्या टेबलावरून ती तीन वर्षं उठली नाही.

जमलं तर ऑक्टोबरात पोच. तेव्हा कापूस फुटलेला असेल आणि बाबांना शेतावर फिरवून आणता येईल.

ता. क. कंपनीत जाण्याआधी करार एखाद्या वकिलाला दाखव. कलाकारांना कमी पैशांत किंवा फुकट सल्ला देणारे वकील नॅशव्हिलमध्ये आहेत, विचारायला लाजू नकोस. आणि परवानगी फोनवर मिळाली तर त्याच दिवशी ईमेल पाठव: ‘आज आपलं असं बोलणं झालं.’ त्यांचं उत्तर आलं की छापून बाबांच्या फायलीत ठेव. कापसाच्या माणसाने तीस वर्षांच्या पावत्या जपल्या असतील, हाही कागद तिथेच राहू दे.